‘आधी दारू सोडवा, डोक्याचं नंतर बघू’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

कोल्हापुरातल्या पेठांच्या, तालमींच्या आणि अपार्टमेंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश वरचेवर फिरून येतो. त्याचा गोषवारा असा : माणसाला व्यसनही आहे आणि मानसिक आजारही आहे, तर ओपीडीच्या फेऱ्यांत पैसे घालवू नका, आधी दारू सोडवा, डोक्याचे नंतर बघता येईल, त्यासाठी सहा महिने व्यसनमुक्ती केंद्रात आत ठेवा, त्याची तयारी नसली तर उचलून नेणारी माणसे मिळतात, मानसोपचाराच्या गोळ्या म्हणजे दुसरे व्यसनच, घरी ठेवायचेच असेल तर आमटीतून न कळत पावडर द्या, आणि इतके करूनही पुन्हा प्यायला तर उपचार वाया गेला असे समजा. शेवटी हात जोडलेले चित्र आणि ‘एका घराचे भले होईल, पुढे पाठवा’.

माझा धाकटा भाऊ शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहे. त्याच्याबरोबर गेली सहा वर्षे मी ओपीडीच्या बाकावर बसतो आहे. मी डॉक्टर नव्हे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे. ऐकलेली गोष्ट तपासून बघायची खोड मात्र गेलेली नाही. संदेश लिहिणाऱ्याचे घर पोळलेले असणार, हे मला समजते. तरीही त्यातले एकेक विधान तपासले पाहिजे, कारण त्यावर विसंबून कोणाच्या तरी घरात आज रात्री निर्णय होणार आहे.

‘आधी दारू, मग डोके’ हे विधान सर्वांत खोल रुजलेले आहे, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. दारू स्वतःच माणसाला उदास करते, आणि पिणे पूर्ण थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत पुष्कळांची उदासी बरीचशी आपोआप ओसरते. त्यामुळे नैराश्याचे स्वतंत्र निदान पक्के करण्याआधी डॉक्टर काही आठवडे वाट पाहतात. पण ही वाट पाहणे म्हणजे माणसाकडे पाठ फिरवणे नव्हे. आत्महत्येचे विचार येत असतील, कानात आवाज ऐकू येत असतील, चार-चार रात्री झोप नसताना अंगात उत्साह मावत नसेल, तर त्याला महिन्याची मुदत देता येत नाही. तिथे दोन्ही आजारांवर त्याच दिवसापासून, एकाच ठिकाणी, एकमेकांशी बोलणाऱ्या माणसांकडून उपचार व्हावे लागतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०११ साली सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटण्याचा आजार) आणि व्यसन एकत्र असणाऱ्यांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत स्पष्ट म्हटले आहे की व्यसन आहे म्हणून मानसोपचार नाकारू नयेत आणि मानसिक आजार आहे म्हणून व्यसनाचे उपचार नाकारू नयेत. हे लिहून सांगावे लागले, याचा अर्थ तसे नाकारणे तिकडेही चालत होते. आमचे एक वर्ष असेच गेले. एका ठिकाणी सांगितले, दारू सोडून या. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, डोके ठीक करून या. आणि या दोन दारांच्या मधल्या रस्त्यावर भाऊ पीत राहिला.

तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी भावाला विचारलेला पहिलाच प्रश्न मी विसरणार नाही. किती पिता, कधीपासून पिता, हे नंतर आले. त्यांनी विचारले, “श्रावण पाळता का हो?” भाऊ म्हणाला, पाळतो, आईला शब्द दिला होता, तेव्हापासून. मग त्यांनी विचारले की त्या महिन्यात झोप कशी लागते. भाऊ गप्प बसला. भावजय म्हणाली, “श्रावणातच जास्त वाईट जातं. दिवा लावून रात्रभर कॉटवर बसून असतात, बोलत नाहीत.” डॉक्टरांनी केसपेपरवर ते वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. दारू पोटात नसतानाचा सबंध महिना, तोही दरवर्षी, आपल्या पंचांगानेच आखून दिलेला होता, आणि त्या महिन्यातही आजार जागेवरच होता. म्हणजे भावाची उदासी नुसती दारूची नव्हती. आमच्या घरात हा पुरावा नऊ-दहा वर्षे पडून होता, पण आम्ही त्याला ‘श्रावणात चिडचिड होते’ एवढेच म्हणत आलो होतो.

दुसरे विधान : ओपीडीत व्यसन सुटत नाही, आत ठेवल्याशिवाय पर्याय नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाला झालेला एक अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. दारू थांबवताना सौम्य ते मध्यम त्रास होणाऱ्या १६४ पुरुषांपैकी काहींना रुग्णालयात ठेवले आणि काहींना रोज घरून येऊन औषधे घ्यायला सांगितले. शरीरातून दारू उतरवण्याचा पहिला टप्पा आत असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी पुरा केला, बाहेरच्यांपैकी ७२ टक्क्यांनी. इथे आतल्यांची बाजू वरचढ आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता, आणि बाहेरच्या उपचारांचा खर्च आतल्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. आपल्या शेजारी गोव्यातही एक अभ्यास झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी निम्म्यांशी, त्या कामासाठी शिकवून तयार केलेल्या साध्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, तर बैठका न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. २०१७ साली हे निष्कर्ष छापून आले. ते पूर्ण आहारी गेलेल्यांना जसेच्या तसे लागू करू नयेत. ‘ओपीडीत काहीच होत नाही’ हे म्हणणे मात्र त्यांनी टिकत नाही.

आणि सहा महिने म्हणजे कशाचे सहा महिने? दारू थांबल्यावरची थरथर शरीरातून उतरायला बहुधा आठवडाभर लागतो. पुढचे काम असते ते पगाराच्या दिवशी, शिफ्ट सुटल्यावर, नेहमीच्या वळणावर काय करायचे याचे, आणि ते वळण केंद्राच्या भिंतीच्या आत नसते. ओपीडीत आठवड्याला एकदा बसून त्याच आठवड्याच्या शनिवारबद्दल बोलता येते. शिवाय फाउंड्रीत सहा महिने कोणी जागा राखून ठेवत नाही. नोकरी गेली की उदासीला नवे कारण मिळते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) असे आढळले की दारूच्या आजाराने ग्रासलेल्या शंभरांपैकी सुमारे ८६ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. अशा देशात ‘सहा महिने आत, नाहीतर काहीच नको’ असे सांगणे म्हणजे बहुतेकांना ‘काहीच नको’ असेच सांगणे आहे.

आता उलट बाजू, कारण ओपीडी सर्वांसाठी नाही आणि तसे भासवणे जिवावर बेतू शकते. रोज सकाळी उठल्या उठल्या प्यावी लागणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप, नसलेल्या वस्तू दिसणे, वेळ-जागेचे भान जाणे, अशी अवस्था येऊ शकते. तिला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि तिच्यात माणूस दगावू शकतो. गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावण धरणाऱ्यांच्या घरी हे माहीत असले पाहिजे. पूर्वी कधी अशी फिट किंवा भ्रम झाला असेल, यकृत किंवा हृदय अधू असेल, दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही चालू असतील, बाई गरोदर असेल, जीव देण्याची भाषा होत असेल, किंवा रात्री घरात लक्ष ठेवायला कोणीच नसेल, तर भरती करावे आणि तेही रुग्णालयात, जिथे रात्री डॉक्टर असतो. काही दिवसांची अशी भरती आणि मग ओपीडी, हा पुष्कळांसाठी योग्य क्रम आहे. संदेशात मात्र अशा भरतीचा उल्लेखही नाही.

गोळ्यांचे दुसरे व्यसन लागते का? काहींचे लागते. दारू उतरवताना देतात त्या क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम यांसारख्या गोळ्यांची सवय लागू शकते, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. म्हणून त्या मोजक्या दिवसांसाठी, रोज कमी करत, घरच्यांच्या ताब्यात ठेवून देतात. आमच्याकडे स्ट्रिप भावजयीच्या डाळीच्या डब्यात असायची आणि शंभरपानी वहीत ती रोज तीन गोष्टी लिहायची : गोळी किती वाजता, हात थरथरतो का, झोप किती. हाताची परीक्षा म्हणजे चहाची कपबशी. बशी वाजली नाही तो दिवस चांगला. नैराश्यावरच्या गोळ्या, मनाचे टोकाचे चढउतार आवरणारे लिथियम किंवा तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्झोन यांनी नशा येत नाही. त्या मनाने बंद करू नयेत, लिथियमसाठी वेळोवेळी रक्त तपासावे लागते, नाल्ट्रेक्झोनच्या आधी यकृत बघतात, हे खरे. पण म्हणून त्यांना व्यसन म्हणायचे तर रक्तदाबाच्या गोळीलाही म्हणावे लागेल.

आमटीतल्या पावडरीबद्दल बोलताना मला सौम्य शब्द सापडत नाहीत. अशा पावडरीत डायसल्फिराम हे औषध असू शकते. तिच्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय अधू असेल तर मृत्यूही येऊ शकतो. तिचा परिणाम शेवटच्या मात्रेनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. सायकोसिस असलेल्याचा आजार तिने बळावू शकतो, म्हणजे दुहेरी आजार असलेल्यांनाच तिचा धोका अधिक. हे औषध ज्याला सगळे समजावून सांगितले आहे आणि ज्याने होकार दिला आहे, त्यालाच द्यायचे असते. शिवाय ज्याला संशयाचा आजार आहे, त्याच्या जेवणात खरोखरच काही मिसळले तर उद्या त्याला कोणत्या तोंडाने सांगणार की तुझ्या ताटात कोणी काही घातलेले नाही?

उचलून नेण्याबाबत कायदा स्वच्छ आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत धरल्या आहेत. संमतीशिवाय भरती करायची तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला ठरलेल्या माणसाचा, अर्ज लागतो, मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि अशी भरती प्रथम ३० दिवसांपुरतीच असते. संस्था नोंदणीकृत हवी. साखळीने बांधण्यास सक्त मनाई आहे. गाडी घेऊन येणाऱ्यांकडे यातला एकही कागद नसेल तर दार उघडू नये.

मग ओपीडी निवडायची कशी? कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे, खासगी मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि लांबच्या भरतीची वेळ आली तर आंबा घाट उतरून रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. कुठे जावे हे सुचतच नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. पाटी आणि फी बघण्याआधी मी तीनच गोष्टी विचारतो : दोन्ही आजार एकच डॉक्टर बघणार की आम्हाला टोलवणार, रात्री दोन वाजता बिघडले तर कुठे जायचे हे आजच सांगणार का, आणि पुन्हा प्यायला तर दारातून परत पाठवणार का.

तिसऱ्या प्रश्नातच संदेशातल्या शेवटच्या विधानाचे उत्तर आहे. चौथ्या महिन्यात, पुतणीच्या साखरपुड्याला, भाऊ प्यायला. सकाळी तो ओपीडीला यायला तयार नव्हता, म्हणाला, “दादा, आता कुठल्या तोंडानं जाऊ?” तरी गेलो. डॉक्टरांनी वही मागितली. भावजयीने आदल्या रात्रीच्या रकान्यात खोटे लिहिले नव्हते. साखरपुड्याच्या आधीच्या पाच रात्री झोप तीन तासांवर आली होती, ती कोणी पाहिली नव्हती. डॉक्टरांनी त्या आकड्यांभोवती पेनाने गोल केला, नैराश्याची गोळी वाढवली आणि पुढची तारीख महिन्याऐवजी आठवड्याची दिली.