बटण दाबा, पण विचारू नका

अभिनंदन! कंपनीनं तुम्हाला तोक्योला धाडलं, आणि निशिकासाईत दोन खोल्यांचं घरही मिळालं. या भागात आपली इंजिनिअर मंडळी मोठ्या संख्येनं आली ती २००० साल उजाडताना जगभरचे कॉम्प्युटर वेडेपणा करतील अशी धास्ती होती तेव्हा. म्हणजे आपण इथे आलो तेच मुळी यंत्रांना अक्कल शिकवायला. हे घराणं विसरू नका. घराचा एजंट किल्ली देताना भिंतीवरचं एकेक बटण दाखवू लागला, की ‘हाय, हाय’ म्हणत मान डोलवा. जपानीत त्याचा अर्थ ‘हो, हो’ असा होतो. मराठीतला अर्थ पुढे यथावकाश कळेल.

सुरुवात संडासापासून. तोतो कंपनीनं १९८० साली वॉशलेट, म्हणजे बटण दाबलं की पाण्याचा फवारा सोडणारी संडासाची बैठक, बाजारात आणलं, आणि गोरे लोक अजून त्याचं कौतुक करून दमले नाहीत. आपण दिपून जायचं कारण नाही. पाण्याचा विषय आपला पिढीजात. हा वीज लावलेला तांब्या, दुसरं काय! फरक इतकाच, की तांब्या आपल्या हातात असतो आणि इथे आपण त्याच्या हातात असतो. परदेशी पाहुण्यांची तारांबळ बघून उत्पादकांनी २०१७ साली बटणांवरची चिन्हं एकसारखी करायचं ठरवलं. तुमच्या वाट्याला त्याआधीचं मॉडेल येईल, काळजी नसावी. सुरू करायचं बटण शोधा आणि ठामपणे दाबा. थांबवायचं कुठलं, ते सुरू झाल्यावर बघू. माणूस उठला की बैठकीतला सेन्सर फवारा आपोआप बंद करतो, पण हे तुम्हाला ठाऊक नाही आणि कुणाला विचारायचं तर नाहीच. तेव्हा बसून राहा.

स्टेशनवरच्या ऐसपैस स्वच्छतागृहात गेलात तर सगळ्यात ठळक बटण दाबा. पाणी सोडायचं बटण ठळक असणार हे साधं तर्कशास्त्र आहे. ते मदतीसाठीच्या घंटेचं निघालं आणि टोपी घातलेला कर्मचारी धावत आला, तर दार उघडून त्याला वाकून नमस्कार करा. तोही करेल.

न्हाणीघराला मात्र नीट वेळ द्या. तिथे भिंतीवर एक पॅनेल असतं आणि ते बोलतं. फार गोड बोलतं. एक बटण दाबलं की टब ठरवलेल्या पातळीपर्यंत, ठरवलेल्या तापमानाच्या पाण्यानं भरतो, मग धून वाजते आणि एक बाई तुम्हाला पाणी तापल्याची वर्दी देते. आपल्याकडे बंबात ढलप्या सारून धुरात डोळे चोळायचे, आणि इथे ही बाई! तुम्हाला हवं होतं फक्त शॉवरचं पाणी थोडं कढत. म्हणून तुम्ही शेजारचं बटण दाबता. काही होत नाही. पुन्हा दाबता. चार वेळा, सहा वेळा. पाणी तसंच, पण बाहेरून बायकोच्या चपला फटफट वाजत येतात: "काय झालं? पडलात का? काय हवंय?" ते बटण स्वयंपाकघरातली घंटा वाजवायचं असतं. आतल्या माणसाला चक्कर आली, तर बाहेर कळावं म्हणून. "काही नाही, सिस्टिम टेस्ट करतोय," असं सांगा. आपल्या धंद्यात हे कुठेही खपतं.

आता स्वयंपाकघर. पुण्याहून मिक्सर आणलाच असेल. २३ किलोच्या बॅगेत सहा किलो मिक्सर आणि उरलेल्यात भाजणी, गोडा मसाला आणि थोडे कपडे, हे प्रमाण योग्य आहे. आपला मिक्सर २३० व्होल्टचा, जपानची वीज १०० व्होल्टची. हे तुम्ही डिप्लोमाला शिकला होतात, म्हणून तर विसरलात. पिन बदलून तो लावा. एरवी शेजाऱ्यांना दचकवणारं ते यंत्र इथे एखाद्या वृद्ध आजोबांसारखं कण्हू लागेल. खोबऱ्याचे तुकडे भांड्यात सावकाश प्रदक्षिणा घालतील. चटणी होणार नाही, पण बघायला शांत वाटतं. मग व्होल्टेज वाढवणारा विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणा. मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि एसी एकदम चालवा. घराचं कनेक्शन ३० अँपिअरचं असेल, तर काळोखात डाव्या हातानं ब्रेकर चाचपायचा सराव होतो.

कंपनीनं पुढे ओसाकाला बदली केली, तर जुना मायक्रोवेव्ह अवश्य बरोबर न्या. १८९० च्या दशकात तोक्योनं वीजनिर्मितीची यंत्रं जर्मनीकडून घेतली, ओसाकानं अमेरिकेकडून. म्हणून पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०, आणि साधारण फुजी नदीपाशी हद्द. एका देशात दोन विजा! भावकीच्या बांधावरून तीन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. मायक्रोवेव्हला वाटतं. मागच्या पट्टीवर फक्त ५० छापलेलं असेल, तर तो ओसाकात ठेवणीतला डबा म्हणून छान उपयोगी पडतो.

टॅक्सीचं मागचं दार ड्रायव्हर आतून उघडतो आणि आतूनच लावतो. तुम्ही ते दादरच्या सवयीनं धाडकन ओढून लावा, म्हणजे लक्षात राहाल.

बँकेत नाव काताकाना लिपीत भरायचं. त्या लिपीत ल, ळ आणि र या तिघांना एकाच दारातून आत जावं लागतं. ‘ज्ञ’ला तर दारच नाही. शिवाय पासपोर्टवर आपल्या नावामागे वडिलांचं नाव उभं, आणि अर्जातल्या चौकटी संपलेल्या. बँकेनं वडिलांना अर्ध्यात तोडलं, मोबाइल कंपनीनं पूर्ण घेतलं, की ही दोन माणसं वेगळी ठरतात आणि बिल भरलं जात नाही. अशा वेळी भविष्याची बुलेट ट्रेन वगैरे विषय काढू नका. सरकारी अर्जांसाठी फ्लॉपी मागणारे नियम याच देशानं २०२४ साली रद्द केले, हेही समोरच्या बाईला सांगू नका. तिनं दिलेला कागद घ्या, चौकटी मोजा.

आणि एक धोका. तीन महिन्यांच्या व्हिसावर आईला बोलावू नका. तिला ना इंग्रजी येतं ना जपानी, त्यामुळे विचारायची लाज नाही. ती आल्याच्या चौथ्या दिवशी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन शेजारच्या आजींकडे जाते आणि दोघी हातवारे करत तुमच्या घरातून फिरतात. तुम्ही ऑफिसातून येता तेव्हा भिंतीभर कॅलेंडर कापून केलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. ‘ऊन पाणी.’ ‘थांब.’ ‘पंखा, गारवा नाही.’ एसीच्या रिमोटवर ‘हे थंडीत.’

न्हाणीघरातल्या त्या बटणावरही एक असते: ‘घंटा. उगाच वाजवू नये.’

तुम्ही वाचल्यासारखं दाखवू नका. दाबा.