पेन्शनच्या पलीकडचा हिशेब

मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत सात दिवस संपावर होते, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी माझी धाकटी बहीणही त्यांच्यात होती. ती 1 नोव्हेंबर 2005 नंतर रुजू झालेली, म्हणजे निश्चित निवृत्तिवेतनाला मुकलेली आणि बाजारातल्या गुंतवणुकीवर ठरणाऱ्या निवृत्तिवेतनावर विसंबलेली. तिची मागणी मला तेव्हाही न्याय्य वाटली आणि आजही वाटते. बाजाराच्या चढउतारांची जोखीम एकट्या शिक्षिकेने का सोसावी?

मी इंग्लंडमध्ये एका नगर परिषदेत नोकरी करतो. इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवृत्तिवेतनाला 2014 पासून अखेरच्या पगाराचा आधार नाही. दरवर्षीच्या पगाराचा 1/49 हिस्सा त्या वर्षी कमावलेले निवृत्तिवेतन म्हणून नोंदला जातो आणि पुढे महागाईनुसार वाढत राहतो. ओढाताणीच्या काळात निम्मी वर्गणी भरून निम्मे निवृत्तिवेतन कमावता येते, तरी सेवेत असताना मृत्यू आल्यास कुटुंबाला मिळणारी वर्षाच्या पगाराच्या तिप्पट रक्कम त्यामुळे कमी होत नाही. निवृत्तिवेतन किती साठले, हे दरवर्षी 31 ऑगस्टपर्यंत विवरणपत्राने कळवणे बंधनकारक आहे. बहिणीच्या पगारातून महिन्याच्या महिन्याला कपात होत होती, पण तिचा नीट हिशेब तिला कित्येक वर्षे मिळाला नाही. सूत्र कोणते असावे यापेक्षा मला हे अधिक खुपते.

अर्थात, इथेही 2010 पासून सलग तीन वर्षे आमच्या क्षेत्रातली पगारवाढ गोठवली गेली होती, आणि निवृत्तिवेतन चांगले आहे म्हणून हातातला पगार कमी असला तरी चालेल, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. तो मला पटत नाही, कारण घरभाडे आजच द्यावे लागते.

केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 1 एप्रिल 2025 पासून आणलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत 25 वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु बहीण फोनवर बोलते ती घरापासून दूर झालेल्या बदलीबद्दल, अडकलेल्या वैद्यकीय बिलाबद्दल आणि शिकवण्याचे तास खाणाऱ्या अशैक्षणिक कामांबद्दल. पगार, निवृत्तिवेतन, रजा, उपचारांचा खर्च, प्रशिक्षण आणि बदलीचे नियम यांचा एकत्र विचार करणारे धोरण राज्याने आखावे आणि प्रत्येकाला त्याचा वार्षिक हिशेब एका कागदावर द्यावा. तसा कागद निघाला, तर त्याच शाळेत, त्याच कार्यालयात कंत्राटावर राबणाऱ्यांच्या रकान्यात काय लिहायचे, हेही सरकारला ठरवावे लागेल.