सुजलेला गाल आणि वैद्यांची वस्ती

पोटदुखी किंवा मूळव्याध माणसाला चार भिंतींआड भोगता येते. चेहऱ्यावरची सूज मात्र सोसायटीच्या सूचनाफलकासारखी असते, कारण जिन्यातून जाणारा-येणारा प्रत्येक जण ती वाचतो आणि थांबून अभिप्राय देतो. माझा डावा गाल एका सकाळी जबड्याच्या कडेपासून फुगला, तेव्हा दूधवाल्याने "दाढ का?" एवढेच विचारले. निदान त्याचेच अचूक होते. परंतु दूधवाल्याचे कोण ऐकतो!

समोरच्या काकूंनी गालगुंड ठरवून नातवाला आत ओढले. गालगुंडात कानाच्या पुढची लाळग्रंथी सुजते आणि कानाची पाळीही वर उचलल्यासारखी दिसते, हे माझे म्हणणे त्यांनी दार लावून घेत ऐकले. आत्याने फोनवरून मूत्रपिंडाचा संशय घेतला. लघवीवाटे प्रथिने जाऊ लागली की सकाळी पापण्या सुजतात, हे खरेच. पण ती सूज सहसा दोन्ही डोळ्यांवर येते आणि माझ्या मूत्रपिंडांना डाव्या गालाशी वैर धरण्याचे काही कारण नव्हते. उपाय म्हणून तिने बिब्बा सुचवला. बिब्ब्याचे तेल कातडीवर उतले की चेहरा त्यानेच सुजतो, त्यामुळे निदान दोन्ही गाल तरी सारखे झाले असते.

तळमजल्यावरच्या निवृत्त काकांनी मात्र रक्तदाबाच्या गोळीचे नाव विचारले. रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या 'प्रिल'वाल्या गोळ्यांनी, त्या वर्षानुवर्षे बिनतक्रार घेतलेल्या असतानाही, एखाद्या दिवशी ओठ आणि जीभ सुजू शकते. काकांचा स्वतःचा ओठ असाच सुजला होता आणि आवाज घोगरा होताच घरच्यांनी 108 ला फोन केला होता. जीभ किंवा घसा सुजणे, श्वास अडकणे, कोलंबी खाल्ल्यावर वा मधमाशी चावल्यावर सुजेबरोबर चक्कर येणे, यांत सल्लागार जमवत बसायचे नसते, हे त्यांनी ज्या स्वरात सांगितले त्यावर विनोद करणे मला जमले नाही. तापाबरोबर डोळा सुजून बंद झाला, बुबुळ हलवताना दुखू लागले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तरीही लगेच रुग्णालय गाठावे, ही भर त्यांनी जिना उतरता उतरता घातली.

दंतवैद्यांनी आधी दाढ पाहिलीच नाही. थुंकी गिळता येते का, तोंड किती उघडते, जिभेखाली कडक लागते का, हे त्यांनी तपासले, कारण खालच्या दाढेचा पू तिकडे पसरला की श्वासमार्गच दाबला जाऊ शकतो. दाढेचा ठणका आदल्या आठवड्यात आपोआप थांबला होता, असे मी मोठ्या समाधानाने सांगितले. त्यावर त्यांनी, आतली नस मेल्यावर ठणका थांबतोच आणि मुळाशी पू शांतपणे साचत राहतो, असे समजावून चिरा दिला, पू काढला आणि रूट कॅनलची तारीख लिहून दिली. शेकू नका आणि उरलेली प्रतिजैविके शोधून खाऊ नका, असेही बजावले.

सूज उतरल्यावर आत्याने श्रेय बिब्ब्याला दिले, जो मी लावलाच नव्हता. काकूंचे मत गालगुंडावरच कायम आहे.