हाडाच्या ऑपरेशननंतरची गोळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचे आक्षेप इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. फ्रॅक्चरच्या ऑपरेशननंतर घरी गेल्यावर बहुतेक प्रौढांचे पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन वेळेवर घेऊन भागते, असे मी लिहिले. त्यावर तुम्ही म्हणता, ‘प्लेट आणि स्क्रू बसवलेल्या माणसाला तुम्ही तापाची गोळी देताय.’ शिवाय आयबुप्रोफेनने हाड जुळत नाही हे मी सांगितले नाही, आणि तुमच्या 78 वर्षांच्या वडिलांना खुब्याच्या ऑपरेशननंतर हीच गोळी डॉक्टरांनी बंद करायला लावली. ट्रॅमाडॉल हे अफूवर्गातले औषध तुम्ही सुचवता आणि शेवटी लिहिता, ‘दुखणे वाढले तर गोळी वाढवावी.’

वडिलांपासून सुरुवात करतो, कारण तिथे आपल्यात वाद नाहीच. त्यांच्या डॉक्टरांनी योग्य केले. या वयात मूत्रपिंडाची ताकद आधीच उतरलेली असते. त्यात रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकने मूत्रपिंड बसू शकते. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी इंजेक्शने असतात, म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची भीती वेगळीच. खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात: पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, पुरले नाही तर अफूवर्गातले औषध, गरजेप्रमाणे नर्व्ह ब्लॉक (नसेजवळ इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करणे), आयबुप्रोफेनच्या जातीची औषधे नकोत.

आता ‘तापाची गोळी’. वेदना मोठी म्हणजे औषधही जालीम हवे, हे मनाला पटते, पण मोजायला गेले की तसे दिसत नाही. खोट्या गोळीच्या तुलनेत आणखी एका माणसाची वेदना निम्म्याने तरी उतरावी यासाठी किती जणांना औषध द्यावे लागते, असा एक हिशेब असतो. आकडा जितका लहान तितके औषध चांगले. आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम: 2.5. पॅरासिटामॉल 1 ग्रॅम: 3.6. दोन्ही मिळून, तेही 200 आणि 500 मिलिग्रॅम एवढ्याच डोसात: 1.6. आणि अफूवर्गातले कोडीन 60 मिलिग्रॅम एकटे: 12! यातले बरेच प्रयोग अक्कलदाढ काढलेल्यांवरचे आहेत, हाडाचे नव्हेत, असे तुम्ही म्हणाल. रास्त आहे. म्हणून 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातला प्रयोग बघा. फ्रॅक्चरचे ऑपरेशन होऊन घरी निघालेल्या 120 जणांपैकी काहींना ऑक्सिकोडोन हे अफूवर्गातले जोरदार औषध दिले, बाकीच्यांना पॅरासिटामॉल आणि कोडीन. पहिल्या आठवड्यातल्या वेदनेत दखल घ्यावी असा फरक निघाला नाही.

तुम्ही सुचवलेले ट्रॅमाडॉल मी वाईट म्हणत नाही. पहिल्या दोन-चार रात्री लागू शकते. पण यकृतात त्याचे रूपांतर झाल्यावरच ते नीट काम करते आणि ते रूपांतर प्रत्येकात सारखे होत नाही. एकाला गुण येत नाही, दुसरा गुंगीत पडतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर झटके येण्याचा धोका वाढतो. आणि कुबड्यांवरच्या माणसाला चक्कर म्हणजे नवे फ्रॅक्चर. प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचे औषध सरसकट देण्याबद्दल तर माझे मत आणखी प्रतिकूल आहे: फायदा नगण्य, गरगरणे भरपूर.

हाड न जुळण्याचा मुद्दा मात्र खरा दमदार आहे. प्रोस्टाग्लँडिन हे रसायन वेदना वाढवते, तसेच हाड जुळण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात ते लागतेही; आयबुप्रोफेनच्या जातीची औषधे नेमके तेच अडवतात. हे रसायन बनवायला लागणारे कॉक्स-2 जनुक नसलेल्या उंदरांची हाडे नीट जुळली नाहीत, हे 2002 मध्ये दिसले. माणसांतही, खुब्याच्या खोबणीच्या फ्रॅक्चरनंतर नको तिथे हाड वाढू नये म्हणून सहा आठवडे इंडोमेथासिन हे त्याच जातीचे औषध दिलेल्यांमध्ये सोबत मोडलेली लांब हाडे न जुळण्याचे प्रमाण जास्त निघाले. पण सहा आठवडे इंडोमेथासिन आणि पाच-सात दिवस आयबुप्रोफेन या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. जुन्या नोंदींवरच्या अभ्यासांत आणखी एक मेख असते: ज्याचे हाड जुळत नाही त्याचे दुखणे थांबत नाही, म्हणून तोच जास्त गोळ्या खातो. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? अमेरिकेतल्या ऑर्थोपेडिक ट्रॉमा असोसिएशनने 2019 च्या शिफारशींत ही औषधे वगळलेली नाहीत. तरीही रुग्ण सिगारेट ओढणारा असेल, जखम उघडी असेल किंवा न जुळलेल्या हाडाचेच ऑपरेशन असेल आणि सर्जन ‘नको’ म्हणाले, तर मी त्यांच्याशी हुज्जत घालणार नाही.

पॅरासिटामॉलची मर्यादा पुन्हा सांगतो: दिवसाला 4 ग्रॅम, त्यापुढे नाही, वजन कमी असेल, यकृताचा आजार किंवा दारू असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही ते असते, तेही मोजायचे. नर्व्ह ब्लॉक दिला असेल तर तो उतरायच्या आत पहिला डोस पोटात हवा. हात-पाय बधिर आहे म्हणून लोक निवांत झोपतात आणि मध्यरात्री कळवळून उठतात.

‘दुखणे वाढले तर गोळी वाढवावी’ हे तुमचे शेवटचे वाक्य मात्र कुणी शब्दशः घेऊ नये. नडगीच्या किंवा कोपरापुढच्या हाताच्या फ्रॅक्चरनंतर वेदना तासागणिक वाढत असेल, पोटरी किंवा हात दगडासारखा टणक लागत असेल, दुसऱ्याने बोटे हलक्या हाताने सरळ केली तरी रुग्ण ओरडत असेल, तर स्नायूंच्या कप्प्यात दाब चढत असण्याची शक्यता असते. तो काही तासांत स्नायू मारतो. अशा वेळी कुठली गोळी चांगली हा प्रश्नच उरत नाही, रुग्णाला तडक इस्पितळात न्यायचे.