गाईड बदलण्याचा हक्क

पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल अजित पवारांनी डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात केला, तेव्हा विषय सारथी या सरकारी संस्थेच्या फेलोशिपचा होता. त्यावर गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी मुलंमुली आंदोलनाला बसतात, तेही मी स्वीडनमधून वाचत असते. पदवीचा उपयोग काय आणि फेलोशिप किती, यावर आपण हिरिरीने भांडतो. प्रबंध लिहिताना माणूस नेमका कुठे अडतो, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

माझी भाची मराठवाड्यात पीएच.डी. करते. तिचा तिसरा चॅप्टर दिवाळीआधी गाईडकडे गेला, तो उन्हाळा आला तरी परत आला नव्हता. मधल्या काळात सरांच्या घरच्या लग्नाच्या पत्रिका मात्र तिने गावोगाव वाटल्या. प्रगती अहवालावर सरांची सही नसली तर फेलोशिप अडकते, आणि फेलोशिप अडकली की खोलीचं भाडं थकतं. मी चिडले, तर म्हणाली, "मावशी, तू कुणाला काही बोलू नकोस हं. शेवटी प्रबंध तपासायला पण सरच आहेत."

तिची भीती खरी आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमांनुसार प्रबंध तपासतात ते स्वतः गाईड आणि बाहेरचे किमान दोन परीक्षक. याच नियमांनी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नल्सपासून विद्यार्थ्यांची थोडी सुटका झाली. बाळंतपणासाठीची 240 दिवसांची रजाही कायम ठेवली. ही मोठी कामं झाली, पण गाईडच्या हातातली दोरी तशीच राहिली. प्लेजरिझमचं, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण उचलण्याचं, म्हणाल तर 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, म्हणून सगळे त्या आकड्याच्या मागे. प्रबंधात स्वतःचा मुद्दा आहे का, हे तो आकडा सांगत नाही. त्यासाठी कुणीतरी बसून चॅप्टर वाचावा लागतो.

स्वीडनमध्ये पीएच.डी.चा विद्यार्थी बहुतेक वेळा पगारी नोकर असतो. मार्गदर्शक किमान दोन. विद्यार्थ्याने मागितलं, तर मार्गदर्शक बदलून द्यावाच लागतो, तसा नियमच आहे. गुण देणाऱ्या समितीत मार्गदर्शक सहसा बसू शकत नाही. आणि जाहीर परीक्षेच्या तीन आठवडे आधी प्रबंध खिळ्याने ठोकतात, अगदी खरोखर. आमच्या विभागात जिन्याजवळ एक लाकडी फळी आहे. प्रबंधाच्या कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवलेली असते, विद्यार्थिनी स्वतः हातोडी घेऊन खिळा मारते आणि प्रबंध टांगते. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही तो चाळावा. तीन आठवड्यांत ज्याला खोट काढायची त्याने काढावी.

लिहिण्याची दमछाक इथेही आहेच. नोव्हेंबरात दुपारीच अंधारतं, पान पुढे सरकत नाही, थकून आजारपणाची रजा घेणारे मी पाहिलेत. 2021 मध्ये कायमच्या वास्तव्याचे नियम कडक झाल्यापासून आमच्यासारख्या परदेशी मुलांना त्याची धास्ती वेगळीच.

स्वीडन श्रीमंत आहे, आपल्याला हे कसं परवडणार, असं लोक म्हणतात. पगारापुरतं ते खरं आहे. पण गाईडला परीक्षक न करण्याला पैसा लागत नाही. अडचण आहे ती दुसरीच. आपल्याकडे प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. मग गाईड बदलून मुलीने जायचं कुणाकडे? जागा भरेपर्यंत एक वाट मोकळी आहे. दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घ्यायला नियमांची आजही हरकत नाही. विद्यापीठांनी तो प्रत्येकाला पहिल्या वर्षीच द्यावा, आणि प्रगती अहवालावर दोघांपैकी एकाचीही सही चालावी.