सोलापूरकराने माळढोक बघायला जैसलमेर गाठायचं?

नान्नज आमच्या जिल्ह्यातलं. 1979 सालचं माळढोक अभयारण्य. पाटीवर माळढोकाचं झकास चित्र आहे, प्रत्यक्ष पक्षी दिसण्याची आशा मात्र आता जवळपास कोणीच धरत नाही. म्हणून या हिवाळ्यात डेझर्ट नॅशनल पार्क गाठलं.

आधी एक सांगतो. हे पार्क म्हणजे जैसलमेरजवळच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्या, उंट आणि जीपच्या कोलांट्या नव्हेत. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून 3162 चौरस किलोमीटर पसरलेल्या या जागेत वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी सगळा खडकाळ माळ, खेजडीची झाडं, केरची झुडपं आणि सेवण गवत. आत गावं आहेत, मेंढरं आहेत. सेवणचे ठोंब दुरून वाळून गेलेले वाटतात, पण जवळ बसून बघा. बुंध्याशी नाकतोडे, सरडे, मुंग्यांची वारुळं. म्हणजे माळढोकाचं अख्खं ताट.

पार्कातल्या सुदासरीला पहाटे बोटं गारठून दुर्बीण धरवत नव्हती. मला सगळ्यात आवडला तो एक चिमणीएवढा पांढऱ्या भुवईचा गप्पीदास. छाती फुगवून तो जमिनीवर डावी-उजवीकडे असा झुलत होता, की गाडीतले सगळे फिदीफिदी हसायला लागले. हा पक्षी भारत-पाकिस्तानच्या कोरड्या पट्ट्याबाहेर क्वचितच दिसतो. आमच्या गाडीतल्या एका गृहस्थांनी मात्र त्याचा एकही फोटो काढला नाही. ते ‘मोठ्या’ची वाट बघत होते. असल्या यादीबहाद्दरांचं काय करावं मला कळत नाही.

मोठा दिसला तो चांगलाच लांब. गाइड हळूच म्हणाला, “गोडावण!” म्हणजे तिकडच्या भाषेत माळढोक. गवताच्या वर आधी पांढरी मान, मग काळी टोपी. मीटरभर उंच पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि चाल अशी की घाई हा प्रकारच माहीत नाही. नऊ-दहानंतर उन्हाने हवा थरथरायला लागते, मग कितीही महागडी लेन्स लावा, फोटोत नुसता धूसर ठिपका येतो.

जगात हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरलेत, आणि त्यातले बहुतेक इथेच. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. शिवाय डोळे डोक्याच्या बाजूला असल्याने समोरची तार उशिरा दिसते, आणि एवढं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. पार्कबाहेर पडलात की पवनचक्क्या, सोलरची शेतं आणि विजेच्या तारा सुरू. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं; 2024 मध्ये तो सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समिती नेमली. समच्या प्रजनन केंद्रात 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती पिल्लं सोडणार कुठे?

सौरऊर्जेला माझा विरोध नाही. माझा राग आहे तो माळाला ‘रिकामी जागा’ समजण्यावर. जैसलमेरकडे त्या रिकाम्या जागेवर पॅनेल बसतात, आमच्याकडे ऊस आला, आणि जिथे ऊस आला नाही तिथे वृक्षारोपण. होय, वृक्षारोपणसुद्धा! गवताळ माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडियासारखं परदेशी झाड लावायचं आणि फोटो काढायचे, याला मी पर्यावरण मानत नाही. तिकडच्या गावांनी निदान ओरण राखलेत. आपल्या देवराईसारखीच देवाच्या नावाने सोडलेली जमीन, फक्त झाडीपेक्षा चराई जास्त. त्या ओरणांची सरकारदरबारी नोंद व्हावी म्हणून गावकरी भांडतायत. आपल्याकडे माळासाठी कोण भांडतंय? मेंढपाळ सोडले तर मला कोणी आठवत नाही.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. परवाना घ्या, स्थानिक गाइड घ्या, माळढोक दिसला तरी गाडी पुढे दामटायला सांगू नका. सकाळी पाणवठ्यावर पखुर्ड्यांचे (सँडग्राउस) थवे उतरतात, तेवढ्यासाठी तासभर थांबा. काळी गिधाडं, चिंकारा, वाळवंटी कोल्हा यांची गाठ बहुधा पडतेच. रात्री डीजे लावणाऱ्या तंबूंत मात्र राहू नका; जैसलमेर गावात राहा आणि पहाटे लवकर निघा. परतताना वाट वाकडी करून फलोदीजवळच्या खिचनला कांड्या करकोचे बघा. गावकरी दाणे टाकतात आणि हे पक्षी हजारोंनी येतात.