पुदिना कायले पायजे?

आमच्या गावात दारू पिणारा माणूस लपत नाही. कोण कुठे बसतो, किती घेतो आणि परतताना कुणाच्या कुंपणात शिरतो, हे पारावर सगळ्यांना पाठ असतं. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं. म्हणणं असतं ते दारूत पुदिना टाकणाऱ्याबद्दल.

वरुड तालुक्यात, संत्र्याच्या बागांच्या मधोमध राहून घरच्या घरी कॉकटेल करायचं मी मनावर घेतलं, तेव्हा वाटलं होतं की घोडं बाटलीपाशी अडेल. बाटली तर चटकन मिळाली. वर माझ्याकडे परवानाही आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली प्यायला आजही परवाना लागतो, आणि तो जन्मभराचाही निघतो. मी काढून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवलाय. दुकानदाराला मोठ्या अभिमानाने दाखवला, तर त्याने उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे कायचं कारड होय भाऊ? रेशनचं?"

घोडं अडलं पुदिन्यापाशी. मोहितो म्हणजे पांढरी रम, लिंबू, साखर, पुदिना आणि सोडा. क्यूबातल्या लोकांनी उन्हावर काढलेला उपाय. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, म्हणजे क्यूबापेक्षा आमचा हक्क जास्त. शेजारच्या काकूंच्या मोरीच्या पाण्यावर पुदिना नुसता माजलेला असतो. गेलो मागायला.

"काकू, मूठभर पुदिना द्या नं."

"कायले पायजे? पोट दुखते?"

"नाई."

"मंग ग्यास झाला असन."

मी हो म्हणून मोकळा झालो. तिथून किराण्याच्या दुकानात सोडा मागितला, तर त्याने खायच्या सोड्याची पुडी पुढे केली आणि "ग्यास झाला म्हने" असं स्वतःच म्हणाला. बातमी माझ्या आधी पोचली होती. संध्याकाळी दोन घरांतून ओवा आला.

पुढचा घोळ बिटर्सचा. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने कॉकटेल म्हणजे काय ते छापलं होतं : दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. म्हणजे कडू अर्क नसेल तर ते कॉकटेलच नव्हे, नुसतं गोड पाणी पाजणं झालं. आता तालुक्याच्या गावी बिटर्स कोण ठेवतो? पण तिकडे त्यात जेन्शियन नावाचं कडू मूळ टाकतात, आणि आपलं चिराईत त्याच कुळातलं. हे कळल्यावर मला स्वतःबद्दल फार आदर वाटला. काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन काडेचिराईत मागितलं. दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं.

"शुगर निघाली काय भाऊ?"

आता गॅस आणि शुगर दोन्ही. घरी आलो तर दारात मामा बसलेले, हातात जांभळाच्या बियांची भुकटी. बायकोने त्या दिवशीपासून माझ्या चहातली साखर बंद केली. खरी शुगर असती तर एवढी तत्परता दिसली नसती.

गावाला नावं तरी कशी ठेवू? बिटर्सची जी बाटली जगभरच्या बारमध्ये असते, ती अंगोस्तुरा, १८२४ साली योहान सीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने काढली. व्हेनेझुएलात स्वातंत्र्यवीर बोलिव्हारच्या सैन्यातल्या शिपायांची पोटं बिघडत होती, त्यावर औषध म्हणून. जिनमध्ये घालतात त्या टॉनिक वॉटरमधलं क्विनीन हिवतापावरचं. म्हणजे साहेब आजारी पडला की कॉकटेल जन्माला यायचं. आमच्याकडे कॉकटेल करायला घेतलं की माणूस आजारी ठरतो, एवढाच काय तो फरक.

माप हा आणखी एक छळ. कृतीत सगळं मिलिलिटरमध्ये : साठ हे, तीस ते, पंधरा लिंबू. आमच्याकडे दारूचं माप पव्वा, अद्धी आणि खंबा, म्हणजे अख्खी बाटली. त्याखाली आकडे उतरतच नाहीत. घरात मिलिलिटरच्या खुणा असलेल्या वस्तू दोनच, एक फवारणीचं माप आणि दुसरं खोकल्याच्या औषधाचं टोपण. पहिल्याला हात लावायचा नाही एवढी अक्कल शेतकऱ्याला असते. टोपण दहा मिलिलिटरचं. साठ भरेपर्यंत मोजणी चुकते आणि मोजणाऱ्याला खोकला यायला लागतो.

शेकर पुतण्याकडून मिळाला. तो पोलीस भरतीची तयारी करतो, प्रोटीन पावडर घुसळायचा त्याचा डबा. कितीही घासला तरी चॉकलेटचा वास जात नाही, त्यामुळे माझ्या सगळ्या कॉकटेलांना एक घरगुती चव आहे. नियम असा की पेयात फळाचा रस असेल तर बर्फ घालून डबा जोरात हलवायचा, नुसती दारू असेल तर चमच्याने ढवळायचं. हलवताना बर्फ वितळून त्याचं पाणी त्यात उतरतं, आणि ते उतरायलाच हवं. तयार पेयाचा पाचवा-चौथा हिस्सा हे पाणीच असतं. पण त्यासाठी आधी बर्फ पाहिजे, आणि बर्फासाठी लाइन पाहिजे. आमची लाइन नेमकी संध्याकाळी जाते. फ्रीझरमध्ये दह्याच्या विरजणाची वाटी आणि सायीचं पातेलं, यांना हलवायची परवानगी नाही. शेवटी गोळेवाल्याकडून किसलेला बर्फ आणला. त्याने सवयीने त्यावर कालाखट्टा मारून दिला.

पहिला पाहुणा आला तो साडभाऊ, आष्टीचा. आष्टी म्हणजे वर्धा जिल्हा, गांधीजींच्या सेवाग्रामचा, आणि तिथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी. आमच्या बाजूला अमरावती जिल्हा लागतो, इथे बंदी नाही. तेव्हा साडभाऊ आमच्याकडे येतो तो फक्त बायकोच्या बहिणीला भेटायला येतो, असं मी समजत नाही. मी पाटावर ग्लास मांडून पुदिना साखरेसोबत हलक्या हाताने चेपत होतो. जोरात रगडला की पानं कडवट होतात, हे त्याला समजावत होतो.

"भाऊ, चटनी करून राह्यले काय?"

"थांबा जरा, मोहितो होतोय."

"होऊ द्या नं. तवरीक मले साधी द्या."

तवरीक त्याने साधी घेतली. मी लिंबू पिळेस्तोवर दुसरी घेतली. ग्लासावर खोचायला ठेवलेली संत्र्याची फोड त्याने मीठ लावून खाल्ली, पुदिन्याची उरलेली जुडी शेंगदाण्यात कालवली, वर कांदा आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, मागितला. माझा मोहितो तयार झाला तेव्हा त्याने एक घोट घेऊन ग्लास पुन्हा पुन्हा न्याहाळला. "साजरं हाय," म्हणाला, "पन याच्यात दारू कुठी हाय?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. होतं, पण ऐकायला तो जागा नव्हता.

मी खचलो नाही. मार्गारिटा नावाच्या कॉकटेलला जे संत्र्याचं गोड मद्य लागतं, ते मुळात सालीपासून करतात. आणि साल! आमच्याकडे मृग बहर फाल्गुनात उतरला की घरोघरी सालीचे ढीग पडतात. उटण्यापलीकडे त्यांना कुणी विचारत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल, हाताने निघते. आतला पांढरा पापुद्रा चमच्याने खरवडला, कारण कडूपणा त्यातच, आणि नुसती केशरी साल व्होडकात घालून बरणी कोठीच्या अंधारात ठेवली. पंधरा दिवसांनी गाळायची आणि साखरेचा पाक घालायचा. एवढं केलं की फ्रान्सच्या तोंडात मारेल असा माल आमच्या कोठीत तयार.

पाक घालायला गेलो तर बरणी जागेवर नाही. ती अंगणात, लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत उन्हात, आणि अर्धी रिकामी. शेजारी खाटेवर माय पाय पसरून बसलेली.

"माय, याचं काय केलं?"

"गुडघ्याले लावलं. लय साजरं औषध हाय बाप्पा, लावल्याबरोबर थंडगार. तुया ग्यासचं होय काय?"

काय बोलणार? शेजारच्या काकूंनी एक शिशी नेली होती, भजनाच्या मंडळातल्या बायकांनी उरलेल्यात बोटं बुडवली होती. सगळ्यांचं एकमत होतं की मालिशवाल्या बुवापेक्षा हे बरं. चार दिवसांत अंगणात रिकाम्या शिश्या येऊन बसल्या, वर चिठ्ठ्या लावलेल्या : उजवा गुडघा, कंबर, खांदा. इतकी वर्षं संत्री लावून जो मान मिळाला नाही तो सालीने दिला. व्होडकाचा खर्च मात्र कुणी विचारला नाही, आणि औषध कशात भिजवलंय हे मी सांगितलं नाही.

काल साडभाऊचा फोन आला. त्याच्या आईचेही गुडघे धरलेत म्हणे, पायरी चढवत नाही, मायच्या औषधाचं नाव ऐकलंय. मी म्हटलं, शिशीभर देतो, किती लागेल?

"दोन्ही गुडघ्याचं मिळून," तो विचार करून म्हणाला, "एक खंबा पुरन. आन् त्यात साल नका टाकू भाऊ, म्हातारीले वास जमत नाई."